रसगुल्ल्याची फेरतपासणी

माझ्या सुनेनं आमच्या स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं, कस्टर्ड पावडरचा डबा हातात घेतला आणि ती इतका वेळ गप्प उभी राहिली की मला वाटलं, आत पाल निघाली.

पाल नव्हती, माझी चिठ्ठी होती. डब्यावरची छापील तारीख मागच्या ऑगस्टात संपलेली, आणि तिच्यावर मी पांढरी चिठ्ठी चिकटवली होती : 'तपासले. ठीक. ३१ जुलैपर्यंत.' खाली सही.

"बाबा, ही सही कोणाची?" कल्याणीनं विचारलं.

"माझी."

"तुम्ही तारीख बदलली?"

"बदलली न्हाई, वाढवली," मी म्हणालो. पहिली चूक इथंच झाली, कारण हे मी छाती पुढे काढून म्हणालो.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे तुम्ही सुनेसारखा चेहरा करणार नाही. मी नरहर. तेहेतीस वर्षं जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली. बियाण्याच्या पिशवीवर तारीख असते. ती संपली म्हणून शहाणा माणूस माल उकिरड्यावर ओतत नाही. नमुना काढायचा, ओल्या कागदात शंभर-शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, आठवड्यानं कोंब मोजायचे. पास झालं तर पिशवीवर नव्या तारखेची चिठ्ठी, नापास झालं तर माल बाद. याला फेरतपासणी म्हणतात आणि ती रीतसर, कायद्यात बसवून होते. तीन वर्षांपूर्वी मी रिटायर झालो. आमच्या कॉलनीत रिटायर झालेली माणसं भजनी मंडळात जातात किंवा दुसऱ्यांच्या पार्किंगवरून भांडतात. मी घरातल्या डब्यांची फेरतपासणी सुरू केली.

पद्धत साधी होती. आधी डोळे, मग नाक, मग जिभेचं टोक आणि मग अर्धा तास वाट. आंधळेपणानं मी काही पास करत नव्हतो. उमेच्या सख्ख्या बहिणीनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी खवट निघाली, तेव्हा ती मी जागच्या जागी नापास केली होती. त्यावरून उमा, म्हणजे माझी बायको, चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

कल्याणीचा कारभार वेगळा. पुण्यात तिच्या घरी तारखेच्या आदल्या दिवशीच डबा कचऱ्यात जातो. एखादी वस्तू नाकाशी नेऊन बघावी, हे तिच्या गावीही नसतं. तिनं कपाटातून एकेक वस्तू काढून ओट्यावर मांडायला सुरुवात केली. कॉर्नफ्लोअर, शेवया, जेली, व्हिनेगर, दोन प्रकारचे सूप. सगळ्यांवर माझ्या चिठ्ठ्या. ओटा बघून मला आमच्या प्रयोगशाळेचीच आठवण आली आणि मी ते बोलूनही दाखवलं. ही दुसरी चूक.

"बाबा, सॉरी," ती म्हणाली. "गंधालीला मी इथे ठेवू शकत नाही. आठ दिवस रोज ऑफिसात बसून मला हेच वाटत राहणार, की आज पोरीनं कोणत्या सालचं काय खाल्लं. उद्या आम्ही तिला परत घेऊन जातो."

गंधाली माझी नात. पाच वर्षांची आहे, आणि या पाच वर्षांत ती आमच्याकडे सलग दोन रात्रींच्या वर राहिलेली नाही. मे महिन्यात आठ दिवस ठेवतो, असं शौनकनं, माझ्या मुलानं, संक्रांतीला कबूल केलं होतं आणि तेव्हापासून मी दिवस मोजत होतो. तिला दाखवायला मी ओल्या कागदात मटकीचे शंभर दाणे घातले होते. हसनाबादला मल्हारी म्हणून एक शेतकरी आहे, तो आमच्या कंपनीसाठी बियाण्याचा प्लॉट करायचा. त्याच्या शेळीला तीन करडं झाली होती. 'पोरगी येऊन राह्यली, एकबी इकू नको,' असं मी त्याला दोनदा फोन करून बजावलं होतं.

मी शौनककडे बघितलं. तो मोबाइलमध्ये बघत होता. बाप आणि बायको यांच्यामध्ये सापडला की त्याला हमखास महत्त्वाचा मेसेज येतो. उमा भाकरी थापत होती. तिच्या थापण्याचा आवाज वाढला.

"ऐक," मी कल्याणीला म्हणालो, "यातली सगळ्यात जुनी वस्तू तू काढ. मी आत्ता तुझ्यासमोर खातो. चोवीस तासांत मला काही झालं, तर पोरीला घेऊन जा, मी एका शब्दानं बोलणार न्हाई. काही न्हाई झालं, तर ती राहील. आहे कबूल?"

तिनं विचार केला. मग कपाटाच्या तळातून रसगुल्ल्याचा डबा काढला. छापील तारीख जानेवारीत गेलेली. मी डबा उजेडात धरला. फुगलेला नव्हता, कुठं पोचा नव्हता, गंज नव्हता. उघडला, वास घेतला, पाकाचा थेंब जिभेवर ठेवला. चार रसगुल्ले वाटीत काढले. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर बारा वाजले होते, शनिवार दुपारचे.

तेवढ्यात समोरचा राधेश्याम आला. त्याचं बाजारात बी-बियाणांचं दुकान आहे आणि गोड पदार्थाचा डबा उघडल्याचं त्याला रस्त्यापलीकडे कळतं.

"राधेश्यामभाऊ, त्याची तारीख गेलेली हे," उमेनं सांगितलं.

"वहिनी, तारीख तर माझीबी कधीच गेली, मंग मला कुणी फेकून राह्यलं का?" असं म्हणत त्यानं खुर्ची ओढली.

मला आनंद झाला. एका नमुन्यावर निकाल द्यायचा नसतो, दुसरा नमुना पाहिजेच. मी चार खाल्ले, दुसऱ्या नमुन्यानं अकरा खाल्ले आणि वर पाक प्यायला.

दुपार चांगली गेली. पिठलं-भाकरी सगळ्यांनी एकाच पातेल्यातून खाल्ली. मी मुद्दाम कल्याणीच्या नजरेसमोर येरझाऱ्या घालत होतो. संध्याकाळी सात वाजता मी गच्चीवर बसलो असताना ती वर आली. हातात स्ट्रॉबेरीच्या दह्याचे दोन छोटे डबे आणि दोन चमचे.

"बाबा, हे घ्या. गंधालीसाठी पुण्याहून आणलंय, चार आहेत," ती शेजारी बसत म्हणाली. "तुमचा राग नाही मला. मी फक्त भिते हो. तिला जरा काही झालं की रात्र रात्र मीच जागते."

सून स्वतःहून गच्चीवर येते, शेजारी बसते, मनातलं सांगते. मी विरघळलो. डब्यावरची तारीख अठरा मेची होती, म्हणजे अजून चौदा दिवस बाकी. मी झाकण काढलं आणि खाल्लं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी वस्तू वास न घेता तोंडात घातली. जरा आंबूस लागली. पण पुण्याचं स्ट्रॉबेरीचं दही कसं लागतं हे मला काय माहीत? "छान आहे," मी म्हणालो. तिनंही तिचा डबा संपवला.

रविवारी सकाळी सहाला पोटात अशी कळ आली की मी अंथरुणात उठून बसलो. आमच्या घरात संडास एकच. दार बंद, आत कल्याणी. मी पाच मिनिटं थांबलो. सात मिनिटं थांबलो. पुण्याची माणसं आत मोबाइल घेऊन बसतात, असं मनातल्या मनात बडबडत शेवटी चपला न घालताच रस्ता ओलांडून राधेश्यामचं दार वाजवलं.

"इतक्या जल्दी? काय झालं?" त्यानं विचारलं. उत्तर द्यायला मी थांबलो नाही.

नऊ वाजेपर्यंत माझ्या त्याच्याकडे तीन फेऱ्या झाल्या. घरी सांगितलं, राधेश्यामला बियाण्याचं काहीतरी विचारायचंय. तिसऱ्या फेरीला तो बादली घेऊन दारातच उभा होता.

"नरहरभाऊ, नळाला आठव्या दिवशी पाणी येऊन राह्यलं. तू एकट्यानं टाकी खाली केली. घरी संडास न्हाई का तुला?"

"घरी सांगता येत न्हाई. सांगितलं तर पोरगी जाईल," मी म्हणालो. "तुझं पोट कसं हे?"

"माझं? एकदम बराबर. सकाळी चार पराठे खाल्ले."

मी त्याच्या ओट्यावर टेकलो आणि डोकं चालायला लागलं. अकरा रसगुल्लेवाला ठणठणीत, चार रसगुल्लेवाला आडवा. पिठलं सगळ्यांनी खाल्लेलं. मग मी असं काय खाल्लं जे याच्या पोटात गेलं नाही? दही! खरं सांगतो, पोटात मुरडा येत असतानाही मला आनंद झाला. माझी चिठ्ठी बरोबर होती, छापील तारीख खोटी पडली होती.

घरी आलो आणि कोणी बघत नाही असं पाहून फ्रीज उघडला. दह्याचे दोन डबे उरले होते. दोन्हींची झाकणं वर टम्म फुगलेली. असा डबा बघितल्यावर तपासणी करायचीही गरज नसते.

इथं मला थोडं थांबून बोलावं लागेल. प्रयोगशाळेत नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत आलो : शंका आली की आधी माल बाजूला काढायचा, प्रश्न नंतर. त्या दिवशी मला शंका नव्हती, खात्री होती. तरी मी फ्रीजपुढे उभा राहून हिशेब घातला. दही खराब आहे असं सांगायचं तर माझं पोट बिघडलंय हे सांगावं लागणार. पोट बिघडलंय म्हटलं की कल्याणी रसगुल्ल्यावर बोट ठेवणार. राधेश्यामची साक्ष ती मानणार नाही, राधेश्यामला खिळेही पचतात. डबे गुपचूप फेकावेत, तर चारांतले दोन कुठं गेले म्हणून विचारणार, आणि तारीख असलेलं अन्न फेकलं म्हणून उलट मीच अडकणार. बाराला तीन तास होते. गंधालीनं नुकतीच दोन धिरडी खाल्ली होती, तिचं पोट भरलेलं होतं. बारा वाजू दे, निकाल लागू दे, मग टाकू. मी ते दोन डबे पिठाच्या भांड्यामागं सरकवले आणि फ्रीज लावून टाकला.

मग मी दिवाणखान्यात खुर्चीवर ताठ बसलो. मध्ये एकदा बियाण्याचं विचारून आलो.

"बाबा, बरं वाटतंय ना?" कल्याणीनं विचारलं.

"एकदम. तुला?"

"मला काय झालंय? मस्त," ती म्हणाली आणि लगबगीनं आत गेली. तिचा चेहरा पिवळा दिसत होता. बेचाळीस डिग्रीत पुण्याची माणसं अशीच दिसतात, अशी मी समजूत करून घेतली.

साडेअकराला मी गंधालीला मटकीचा कागद उलगडून दाखवला. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव दाण्यांना कोंब आले होते. ती प्रत्येक कोंबाला बोट लावून मोजत होती. सदतीसच्या पुढे तिला एकदम एकोणपन्नास आठवले आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अशी आठ दिवस मोजत बसली असती तरी मला चाललं असतं. मग तिला भूक लागली आणि ती शौनककडे पळाली.

फ्रीज उघडल्याचा आवाज आला. "अरे, हे कुठे मागे गेले होते?" असं शौनक म्हणाला, आणि झाकण निघताना जोरात फस्स आवाज झाला.

मी घड्याळाकडे बघितलं. बाराला वीस मिनिटं कमी होती. हे मी लपवणार नाही : आधी मी घड्याळाकडे बघितलं आणि नंतर उठलो.

स्वयंपाकघरात गंधाली ओट्यावर पाय हलवत बसली होती. चमचा भरलेला, तोंड उघडलेलं. मी तिच्या हातावर फटका मारला. चमचा भांड्यांत जाऊन पडला, गुलाबी दही उमेच्या साडीवर उडालं आणि पोरीनं भोकाड पसरलं.

"बाबा!" कल्याणी धावत आली. "काय करताय हे? ते दही अठरा तारखेपर्यंत चांगलं आहे!"

"तारीख घाल चुलीत!" मी ओरडलो. "सकाळपासून चार डाव गेलोय मी राधेश्यामकडं. याच दह्यानं."

उमेनं गंधालीला कडेवर घेतलं.

"म्हणजे रसगुल्ल्यानं," कल्याणी म्हणाली.

"राधेश्यामनं अकरा खाल्ले, तो पराठे हाणून राह्यला. दही त्यानं खाल्लं न्हाई. दही खाल्लं फक्त मी आणि..." आणि मी थांबलो. तिच्या पिवळ्या चेहऱ्याकडे आता मी नीट बघितलं. "कल्याणी, तू सकाळपासून कितीदा गेलीस?"

तिनं ओट्याला धरलं. "पाच," ती म्हणाली.

शौनक घसा खाकरून बोलला. दह्याची पिशवी काल डिकीतच राहिली होती. अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत, उन्हात. त्याला आठवलं तेव्हा त्यानं ती गुपचूप फ्रीजमध्ये ठेवली. तारीख तर होती, असं तो म्हणाला.

कल्याणीनं ओट्यावरचा डबा उचलला आणि नाकाशी नेला. लगेच तोंड फिरवलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, बाबा, तुमचंच बरोबर. मी तशी तयारीही केली होती, मोठ्या मनानं 'जाऊ दे' म्हणायची.

"दह्याचं तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"आत्ता... सकाळी."

"सकाळी कधी?"

"नऊला."

"नऊपासून ते फ्रीजमध्ये होतं, बाबा," ती एवढंच म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मी उलटून बोललो. "तू तरी कुठं सांगितलंस? पाच वेळा गेलीस आणि 'मस्त' म्हणून राह्यली होतीस!"

"मला वाटलं, इथलं पाणी बाधलं," ती म्हणाली. "तसं बोलले असते तर मलाच तिला परत न्यावं लागलं असतं. नको होतं मला न्यायला. काल रागात बोलले, आणि नंतर गच्चीवर येईपर्यंत मी देवाला म्हणत होते की बाबांना काही होऊ नये. पाच वर्षांत एक रात्र सलग झोपले नाहीये मी. मला हे आठ दिवस हवे होते." आणि ती रडायला लागली. रडता रडता तिला कळ आली आणि ती संडासाकडे पळाली. मला जायचं होतं तिथंच. मी राधेश्यामकडे पळालो.

परत आलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. उमेनं साडी बदलली होती. कपाटासमोर गोणपाट अंथरून ती माझे डबे एकेक करून त्यावर टाकत होती. कस्टर्ड, जेली, सूप, सगळं. त्यांच्यावर तिनं कल्याणीनं पुण्याहून आणलेली खाऊची पिशवीही उपडी केली, ताज्या तारखांसकट. कल्याणी पलंगावर आडवी होती. गंधाली उमेच्या मांडीला टेकून गरम वरणभात खात होती.

"अगं, ते चांगलं हे," मी दारातून म्हणालो.

"बसा तिथं," उमा म्हणाली. चाळीस वर्षांत ती या आवाजात दोनदाच बोललीय. "सकाळपासून बघून राह्यले मी. एक घरातल्या संडासात, एक लोकाच्या. दोघं शिकलेले, आणि दोघांनाही माहीत की पोटात काहीतरी वाकडं गेलंय. पण लेकरू घरात हे, आपण तोंड उघडावं, असं एकालाही वाटलं न्हाई."

"आई, आम्ही तिला घेऊन जातो आज," पलंगावरून क्षीण आवाज आला.

"तू कुठं जातीस? भोकरदन फाट्यापर्यंत तरी पोचशील का? चार दिवस पेज पी, मंग बघू. पोरगी आठ दिवस राहील. माझ्याकडं राहील. मी रांधीन, मीच भरवीन. तुम्ही दोघांनी तिच्या हातात काय ठेवायचं न्हाई, पाणीसुद्धा न्हाई. कबूल असंल तर बोला."

कल्याणी कबूल म्हणाली. मीही म्हणालो.

शौनक एकटा पुण्याला गेला. कल्याणी बुधवारी बसनं गेली. जाताना तिनं मला नमस्कार केला, आणि आम्ही दोघांनीही एकमेकांकडे नीट बघितलं नाही. गंधाली मात्र राहिली. हसनाबादला जाऊन तिनं तिन्ही करडांना नावं ठेवली. रोज रात्री ती माझ्या शेजारी झोपली. एका दुपारी उमा देवळात गेली होती, तेव्हा पोरगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आबा, भूक लागली, काहीतरी दे ना." समोर ताटात उमेनं सकाळीच भाजलेले शेंगदाणे होते. मी ते बघितले, वास घेतला, एक खाऊनही बघितला. चांगले होते. तरी तिला उचलून कडेवर घेतलं आणि भर उन्हात देवळापर्यंत चालत गेलो, तिच्या आजीला विचारायला.